जोडसहल समुद्राची : आधी तिथी बघा, मग गाडी ठरवा



गळीत हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला, की गटागटांतून अभ्यास सहलीची बोलणी सुरू होतात. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये जायचे, वाणांचे प्लॉट बघायचे, बेणे, ठिबक, पाचट यांवर तज्ज्ञांना चार प्रश्न विचारायचे, हा सहलीचा मुख्य भाग. त्याला आमची हरकत नाही. पण या मुख्य भागाला एक शेपूट असते. परतीच्या दिवशी गाडीत कोणीतरी म्हणतो, "एवढं पुण्यापर्यंत आलोय, तर समुद्र बघून जाऊ की!" सगळे माना डोलावतात आणि गाडी घाट उतरते. आज आम्ही लिहीत आहोत ते या शेपटाबद्दल.

अलीकडे तर काहींच्या तोंडी थायलंडची भाषा ऐकू येते. थायलंड हा साखर निर्यातीतला बलाढ्य देश आहे. ऊसवाला आणि कारखाना यांच्यात उत्पन्नाची ७० आणि ३० अशी वाटणी करण्याची पद्धत तिथे १९८४ च्या कायद्याखाली चालत आली. ती समजून घेण्यासारखी आहे, यात वाद नाही. पण अशा सहलीच्या कार्यक्रमात चार दिवस ऊस आणि दोन दिवस बेटे असा हिशेब असतो, आणि त्या दोन दिवसांचा विचार कोणी केलेला नसतो. ५ जुलै २०१८ रोजी फुकेतजवळ खराब हवामानाचा इशारा असतानाही निघालेली एक पर्यटक बोट बुडाली आणि ४७ चिनी प्रवासी दगावले. ते सगळे दोन दिवसांच्या मौजेलाच निघाले होते. म्हणून आमचे म्हणणे असे, की परदेशाचे पुढे बघू, आधी आपल्या रायगडच्या किनाऱ्याची जोडसहल नीट आखायला शिकू.

आजवर ही जोडसहल कशी होते? पहाटे निघायचे आणि दोन दिवसांत अलिबाग, कुलाबा किल्ला, काशीद, मुरुड, जंजिरा, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि जमले तर रायगडही उरकायचा. घरी आल्यावर विचारले, काय बघितले? तर उत्तर मिळते, "गर्दी लई होती." कुलाब्याला गेलो तेव्हा पाणी भरलेले होते, जंजिऱ्याची शेवटची होडी निघून गेली होती, हरिहरेश्वरची प्रदक्षिणा भरतीमुळे बंद होती. दोष ड्रायव्हरचा, नाहीतर नशिबाचा. आम्हांस हे पटत नाही. कालव्याच्या पाण्याची पाळी रात्री दोनला असली तर आपण दीडला बॅटरी घेऊन बांधावर हजर असतो. तोडणीची चिठ्ठी कधी निघणार याचा हिशेब लावणीच्या तारखेपासून करतो. मग समुद्राचीही पाळी असते, ती का विचारू नये?

ही पाळी कळायला फार शिकावे लागत नाही. घरातल्या भिंतीवरचे कॅलेंडर पुरते. कोकणात जुना ठोकताळा आहे : तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी, तितक्या वाजता भरती. शुद्ध असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासून. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्याच्या आधी सुमारे सहा तास, म्हणजे सकाळी नऊला पूर्ण ओहोटी. षष्ठीला भरती साडेचारला आणि ओहोटी साडेदहाला. रोज ही वेळ पाऊण ते एक तास पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी चढतेही कमी आणि उतरतेही कमी. हा ठोकताळा आहे, घड्याळ नव्हे. अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून अलिबागला पोचल्यावर किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना विचारून मगच पाऊल टाकावे. पण घरून निघताना दिवस ठरवायला एवढे गणित पुरेसे आहे.

आता कुलाबा किल्ला बघा. अलिबागच्या किनाऱ्यासमोर तो पाण्यात उभा आहे. ओहोटीला वाळूवरून आणि खडकावरून चालत जाता येते, घोडागाडीही जाते. भरतीला मात्र होडीशिवाय गत्यंतर नाही. शिवाजी महाराजांच्या काळात त्याचे काम सुरू झाले, पुढे कान्होजी आंग्रे यांनी तिथून दर्यावर हुकूम चालवला. आत गणपतीचे देऊळ आहे, आणि चारही बाजूंनी खारे पाणी असताना गोड्या पाण्याचे तळे आहे. पाण्यासाठी जन्मभर झगडणाऱ्या आपल्या लोकांनी त्या तळ्याच्या काठी दहा मिनिटे बसावे, एवढ्यासाठीसुद्धा किल्ला बघावा. तृतीया ते षष्ठी यांतला दिवस धरला तर सकाळी आठ ते साडेदहाच्या दरम्यान पाणी उतरलेले मिळते. ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी निघावे आणि पाणी फिरू लागताच परतावे. आत राहून फोटो काढत बसलेल्यांसाठी समुद्र थांबत नाही.

अलिबागला जाताना पेणवरून जाता येते. तिथून पुढे पोयनाडजवळ चरी नावाचे गाव आहे, आणि आमच्या मते या साऱ्या वाटेवर ऊसकऱ्याने थांबावे असे पहिले ठिकाण तेच. तिथे समुद्र दिसत नाही, हॉटेल नाही, फोटोला काही नाही. पण १९३३ साली चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचे बंद केले आणि तो संप सहा वर्षे, १९३९ पर्यंत चालला. पुढारी होते नारायण नागू पाटील. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर या शेतकऱ्यांच्या सभेला चरीला आले होते. सहा वर्षे भात पिकवायचा नाही म्हणजे काय, हे ज्याची चूल शेतावर चालते त्यालाच कळेल. आपल्यापैकी कितीतरी घरांच्या सातबाऱ्यावर कुळकायद्याने नाव लागलेले आहे. त्या कायद्याची वाट ज्यांनी पोट मारून तुडवली, त्यांच्या गावावरून आपल्या गाड्या गाणी लावून निघून जातात. संध्याकाळी अर्धा तास तिथे उतरावे, एखाद्या वडीलधाऱ्याला नमस्कार करावा, ऐकावे. याला पैसा लागत नाही.

मुक्काम नागाव-आक्षीकडच्या एखाद्या वाडीत करावा. मोठ्या रिसॉर्टात नको. याचे कारण केवळ काटकसर नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबाग-श्रीवर्धनच्या या पट्ट्यावर आदळले आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. वादळाने ऊस लोळला तरी आपण तो कसाबसा तोडतो, उताऱ्याला मार बसतो, पण पुढल्या साली खोडवा आहेच. पोफळ मोडली की नवे झाड लागवडीपासून पाच-सात वर्षे काही देत नाही. अशा घरांनी पाहुणे ठेवून दिवस काढले आहेत. आपले रात्रीच्या जेवणाचे पैसे त्या घरात गेले तर शेतकऱ्याचे शेतकऱ्याकडे गेले. शिवाय वाडीत फिरता येते. पोफळीवर मिरीचे वेल चढवून एकाच जागेत दोन-तीन पिके कशी घेतात, हे सकाळच्या चहाबरोबर बघून होते. उन्हाळ्याच्या तोंडाला गेलात तर रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसतील. घरी न्यायला बर्फी-चिक्कीपेक्षा त्या बऱ्या.

दुसरा दिवस मुरुडचा. चौल-रेवदंड्यावरून खाडीचा पूल ओलांडून कोर्लई, काशीद करीत मुरुडला जावे. मोठी बस असेल तर त्या पुलावरून जड वाहनांना सध्या परवानगी आहे का, याची चौकशी आधी फोनवरून करावी. जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात. सकाळची पहिली होडी धरावी. ऊन चढले की रांग वाढते. किल्ल्याच्या दरवाजाशी होडी हेलकावत असते आणि तशातच पायरीवर उतरावे लागते, तेव्हा गुडघेदुखीवाल्या सभासदांनी किनाऱ्यावरूनच दर्शन घेतले तरी कमीपणा नाही. संभाजी महाराजांनी दगड टाकून समुद्रात सेतू बांधायचा प्रयत्न केला तो याच किल्ल्यासाठी. सिद्दींचे हे संस्थान अखेर १९४८ साली भारतात विलीन झाले. होडीवाला किल्ल्यात किती वेळ देणार आणि परत कोण आणणार, हे चढण्यापूर्वी ठरवावे. होडीत माणसे जास्त दिसली तर पुढच्या होडीची वाट बघावी. आणि जीवरक्षक जाकीट अंगात घालून बांधावे. "आम्हाला पोहता येतंय" हे उत्तर इथे चालणार नाही.

याच उत्तराची आम्हांस सर्वांत जास्त भीती वाटते. आपली पोरे विहिरीत मुटके मारून पोहायला शिकली. कालव्याच्या वाहत्या पाण्यात सूर मारणारी आहेत. त्यामुळे समुद्र म्हणजे मोठी विहीर असा समज होतो. विहिरीचे पाणी माणसाला ओढून नेत नाही. समुद्राचे नेते. पाय वाळूवर टेकलेले असतात, लाट मागे सरताना पायाखालची वाळूच काढून घेते, आणि किनाऱ्याकडे तोंड करून हात मारणारा माणूस आत आत जातो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी मुरुडच्या किनाऱ्यावर बुडाले. तरणीताठी, शिकलेली मुले. त्या दिवशी वादळ नव्हते की पावसाळा नव्हता. तेव्हा आमचा आग्रह असा, की समुद्रात गुडघ्याच्या वर कोणी जाऊ नये, आणि पाणी उतरत असताना तर मुळीच नाही. दारू प्यालेला माणूस गाडीतून उतरवूच नये. कोणी रागावले तर रागावू दे. त्याच्या घरी काय सांगायचे, हा प्रश्न गटप्रमुखाला पडण्यापेक्षा ते बरे.

मुरुडहून परतताना मोह होतो. आगरदांड्याहून गाडीसकट फेरीबोटीने दिघीला उतरले की दिवेआगर हाकेच्या अंतरावर. तिथला सुवर्णगणेश २०१२ साली चोरीला गेला, दोन रखवालदारांचा त्यात जीव गेला, आणि २०२१ साली मुखवट्याची पुन्हा स्थापना झाली. दर्शनाची इच्छा कोणाला होणार नाही? पुढे श्रीवर्धन, बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचे गाव, आणि मग हरिहरेश्वर. आमचे मत स्पष्ट आहे : या खेपेला हे सोडावे. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांवरून समुद्राला लागून आहे, तीही ओहोटीलाच करायची असते, आणि सकाळची ओहोटी तोवर होऊन गेलेली असते. घाईने गेलात तर ताम्हिणी घाटात अंधार पडणार. दोन दिवस जागलेला ड्रायव्हर, घाटाची वळणे आणि मागे झोपलेली तीस माणसे, हा जुगार खेळू नये. दिघीहून सरळ म्हसळा, माणगाव आणि ताम्हिणीमार्गे उजेडात वर यावे. दक्षिणेकडचा किनारा पुढच्या वर्षी, स्वतंत्र सहलीत करता येईल.

खर्चाबद्दलही बोलले पाहिजे. मांजरीपर्यंतचा खर्च कारखान्याने करावा, कारण तिथले शिक्षण शेतात उतरते. समुद्राचा खर्च ज्याने त्याने करावा. वर्गणी निघण्यापूर्वी गोळा व्हावी आणि हिशेब गट कार्यालयाच्या फळ्यावर लावावा. असे केले की वार्षिक सभेत त्या दोन दिवसांवरून कोणी उठून उभा राहणार नाही. आणि वर्गणी स्वतःची म्हटल्यावर घरच्या कारभारणीलाही न्यावे. लावण, खुरपणी तिच्या हातची, आणि सहलीला मात्र आपण एकटेच, हे आता शोभत नाही.

तर दिवस कोणते? पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात आणि समुद्रही खवळलेला असतो, म्हणून मेच्या मध्यापर्यंत सहल उरकलेली असावी. शाळांच्या सुट्ट्या आणि शनिवार-रविवार टाळावेत. चैत्राच्या शुद्ध किंवा वद्य पक्षात तृतीया ते पंचमी यांपैकी एका सकाळी कुलाबा किल्ला धरावा आणि त्याच्या पुढच्या सकाळी जंजिरा. मांजरीचे शिबिर आदल्या दुपारी संपेल असे बघावे. शिबिराची तारीख त्या हिशेबाने मागून घेता येते, फक्त पत्र महिनाभर आधी जायला हवे. गटप्रमुखांनी कॅलेंडर घेऊन बसावे, तिथीची पाऊणपट करावी आणि तारीख शेतकी कार्यालयास कळवावी.