खिशातील साक्षीदार



पूर्वी गावात काही बरेवाईट घडले म्हणजे पंच पहिला प्रश्न विचारीत, "हे कोणी पाहिले?" मग साक्षीदार पुढे येई. तो कोठे उभा होता, उजेड किती होता, त्याचे कोणाशी वैर तर नाही ना, हे सारे तपासल्यावरच त्याच्या शब्दाला मोल येई. आज कोर्टात पुष्कळदा असा साक्षीदार उभा राहतो की ज्याला वाचा नाही, वैर नाही आणि झोपही नाही. तो आपल्या खिशात असतो, रात्री उशाशी असतो. मोबाइल फोन हाच तो साक्षीदार. यंत्र खोटे बोलत नाही, असे म्हणून त्याच्या साक्षीपुढे आपण मान डोलावतो. परंतु न बोलणाऱ्या साक्षीदाराचीही उलटतपासणी व्हावी लागते, हे आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

याचे निमित्त हैदराबाद शहर. मराठी मुलखातील कित्येक घरांतील मुलेमुली तेथे नोकरीशिक्षणासाठी राहतात. 2021 च्या ऑक्टोबर महिन्यात त्या शहराच्या काही भागांत पोलिसांनी रस्त्यावरून जाणाऱ्या तरुणांना थांबविले, त्यांचे फोन उघडावयास लावले आणि संदेशांत 'गांजा' यासारखे शब्द आहेत काय, ते पाहिले. त्याच्या चित्रफिती सर्वत्र पसरल्या. कोणावरही सक्ती केली नाही, लोक आपण होऊन सहकार्य करीत आहेत, असे पोलीस अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. हा अधिकार कोणत्या कायद्याने मिळाला, असे वकिलांनी विचारले. अमली पदार्थ घरेदारे उद्ध्वस्त करतात, त्यांचा बंदोबस्त हवाच. तथापि भररस्त्यात ज्या वस्तूची झडती झाली, त्या वस्तूत आपले किती आयुष्य साठविलेले असते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

फोनची साक्ष तीन ठिकाणी साठते. पहिले ठिकाण फोन स्वतः. त्यात संदेश, छायाचित्रे आणि केलेल्या-आलेल्या कॉलची यादी असते. छायाचित्राच्या पोटात ते कोणत्या दिवशी, किती वाजता काढले याची नोंद असते. आणि सोय चालू असेल तर कोणत्या जागी काढले याचीही. दुसरे ठिकाण मोबाइल कंपनी. कोणी कोणास केव्हा फोन केला, किती वेळ बोलणे झाले, फोन कोणत्या टॉवरशी जोडलेला होता आणि त्या फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक कोणता, याची नोंद कंपनी ठेवते. पोलीस जिला 'सीडीआर' म्हणतात ती हीच. डिसेंबर 2021 पासून ही नोंद निदान दोन वर्षे जपून ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर आहे. या नोंदीत बोलण्याचा मजकूर नसतो. केवळ कोण, कोणाशी, केव्हा आणि कोठून एवढेच असते. तिसरे ठिकाण म्हणजे ज्याला आपण संदेश धाडला त्याचा फोन, आणि दूरच्या संगणकांवर आपोआप साठणारी प्रत. व्हॉट्सॲपचा संदेश वाटेत कोणाला वाचता येत नाही हे खरे. पण पाकीट वाटेत बंद असले तरी पत्र दोन्ही घरी उघडेच पडलेले असते.

पुसून टाकले म्हणजे गेले, अशीही पुष्कळांची समजूत असते. फोनमधील मजकूर पुसताना बहुधा अनुक्रमणिकेतील नोंदच तेवढी जाते. पाने काही काळ तशीच राहतात आणि त्यांवर नवे लिहिले गेले म्हणजेच नाहीशी होतात. जाणकारांना म्हणून कधी कधी पुसलेलेही वाचता येते. अलीकडच्या फोनांत मजकूर सांकेतिक रूपात साठविला जात असल्याने हे काम अवघड झाले आहे. तथापि आपल्या फोनमधून गेले ते समोरच्याच्या फोनमध्ये असू शकतेच.

आता 'लोकेशन' या शब्दाकडे वळू. "पोलिसांनी लोकेशन काढले" असे आपण ऐकतो, तेव्हा नकाशावर बोट ठेवून माणूस दाखविला, असे वाटते. प्रत्यक्षात स्थान कळण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिला उपग्रहांचा. आकाशातील उपग्रहांचे संकेत फोन ग्रहण करतो आणि ते येण्यास लागलेल्या वेळावरून आपली जागा स्वतःच मोजतो. उघड्या मैदानात हा हिशेब काही मीटरांपर्यंत बरोबर येतो. उंच इमारतींच्या गल्लीत किंवा घराच्या आत तो बिघडतो.

दुसरा मार्ग टॉवरचा. येथेच पुष्कळ घोटाळा होतो. सीडीआरमध्ये फोनची जागा नसते, टॉवरची असते. शहरात एका टॉवरचा पल्ला काहीशे मीटर असेल, तर खेड्यात तो कित्येक किलोमीटर असतो. शिवाय फोन नेहमी सर्वांत जवळच्याच टॉवरशी बोलतो असे नाही. मध्ये टेकडी वा मोठी इमारत आली, किंवा जवळच्या टॉवरवर गर्दी झाली, तर तो दूरचा टॉवर गाठतो. पाण्यावरून तर लहरी दूरवर जातात. हैदराबादेत हुसेनसागराच्या एका काठावर उभ्या असलेल्या माणसाचा फोन समोरच्या काठावरील टॉवरशी जोडला जाणे अशक्य नाही. सीडीआर पाहणारा म्हणेल, हा माणूस पलीकडच्या तीरावर होता! खाडीकाठच्या लोकांना हे समजावून सांगणे नको.

आणखी एक गोष्ट. फोन कोठे होता एवढेच टॉवर सांगतो. फोन कोणाच्या हातात होता, हे तो सांगत नाही. धाकट्या भावाने नेला असेल, मित्राने मागून घेतला असेल, रिक्षात विसरला असेल. माणसाच्या सावलीवरून त्याची उंची काढण्यासारखे हे आहे. दिवसाची वेळ ठाऊक असेल तर हिशेब जमतो. नसेल तर ठेंगूही उंच ठरतो.

या चुकीची किंमत किती मोठी असते, हे डेन्मार्क देशाने दाखविले. 2019 साली तेथे आढळले की, मोबाइल कंपन्यांच्या नोंदी पोलिसांच्या उपयोगासाठी रूपांतरित करणाऱ्या संगणकात दोष होता. काही कॉल गळत होते, काही फोन चुकीच्या टॉवरला जोडलेले दिसत होते. 2012 पासूनचे सुमारे 10,700 खटले पुन्हा तपासावयाचे ठरले, दोन महिने अशा पुराव्याचा वापर थांबविण्यात आला आणि कोठडीतील 32 जणांना सोडण्यात आले. फोन खोटे बोलले नव्हते. त्यांचे म्हणणे उतरवून घेणारा लेखनिक चुकला होता.

आपणांस दानिएलच्या ग्रंथातील सुसान्नेची कथा ठाऊक आहे. दोन वजनदार साक्षीदारांच्या शब्दावर त्या निरपराध स्त्रीला देहान्त शिक्षा झाली होती. तरुण दानिएलाने दोघांना वेगवेगळे उभे करून एकच प्रश्न विचारला: कोणत्या झाडाखाली? दोघांनी दोन झाडे सांगितली आणि सुसान्ना वाचली. साक्षीदार कितीही वजनदार असो, त्याला प्रश्न विचारलाच पाहिजे. फोनलाही.

आपल्या देशात हा प्रश्न विचारण्याची रीत एका मराठी गावाच्या खटल्याने पक्की केली. ते गाव जालना. 1956 पर्यंत ते हैदराबाद राज्यातच होते. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत तेथे अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचे म्हणणे असे की, 27 सप्टेंबर 2014 रोजी दुपारी तीनची मुदत टळल्यावर खोतकरांचा अर्ज दाखल झाला. निवडणूक कार्यालयातील हालचालींचे चित्रीकरण झाले होते आणि त्याच्या तबकड्या कोर्टापुढे आल्या. परंतु मूळ यंत्र सोडून त्याची प्रत कोर्टात आणली, तर ती कशी व कोणत्या यंत्रातून काढली याचे जबाबदार माणसाच्या सहीचे प्रमाणपत्र पुरावा कायद्याच्या कलम 65 ब प्रमाणे लागते. गोरंट्याल यांनी ते वारंवार मागितले. अधिकाऱ्यांनी दिले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी निकाल दिला. प्रत आणावयाची तर प्रमाणपत्र हवेच. मात्र ज्याने ते मिळविण्यासाठी शक्य ते सर्व केले आणि तरी अधिकाऱ्यांनी दिले नाही, त्याला त्याचा दंड नको. मूळ फोन वा संगणकच मालकाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून दाखविला, तर प्रमाणपत्राची गरज नाही. आणि तपासात सीडीआर जप्त झाला असेल, तर मोबाइल कंपन्यांनी त्या काळाची नोंद वेगळी व सुरक्षित ठेवावी. ही शेवटची आज्ञा मोठ्या मोलाची आहे. जी नोंद आरोपीला अडकवू शकते, तीच त्याला सोडवूही शकते. तिची मुदत संपून ती नाहीशी झाली, तर निरपराध्याचा एकमेव साक्षीदार मरतो.

ही रीत पाळली नाही म्हणजे काय होते? जानेवारी 2014 मध्ये आंध्रातील एक तरुण अभियंता मुलगी नाताळाच्या सुट्टीनंतर मुंबईस लोकमान्य टिळक टर्मिनसवर उतरली. ती मुक्कामी पोहोचलीच नाही. पुढे तिचा मृतदेह सापडला. एका माणसाला 2015 साली फाशीची शिक्षा झाली आणि 2018 साली उच्च न्यायालयाने ती कायम केली. 28 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. इतर पुराव्यातही न्यायालयास शंका आढळल्या. पण स्थानकावरील कॅमेऱ्याच्या चित्रणाला ते प्रमाणपत्रच जोडलेले नव्हते, म्हणून ते चित्रण विचारातच घेता आले नाही. तो माणूस निरपराध असेल, तर त्याची इतकी वर्षे फाशीच्या छायेत गेली. नसेल, तर त्या मातापित्यांना न्याय मिळाला नाही. काहीही असो, एका कागदाची हयगय कोणाला केवढी भोवते, ते यावरून कळावे.

1 जुलै 2024 पासून नवा साक्ष कायदा लागू झाला आहे. त्याच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्राचे दोन भाग असतात: एक यंत्र ताब्यात असलेल्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात 'हॅश' नावाचा एक लांबलचक आकडा नोंदवितात. फाइलमधील सर्व मजकुरावरून हा आकडा काढला जातो. एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. मुद्देमालाच्या पुडक्यावर लाखेची मोहोर असते, तशीच ही मोहोर समजावी. हैदराबादेत रामंतापूर भागातील केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी फोन तपासतात, तेव्हा रीत हीच असावी लागते: फोनचा बाहेरच्या जगाशी संबंध तोडावयाचा, त्याची हुबेहूब प्रत काढावयाची, मोहोर जुळते की नाही पाहावयाचे आणि तपास प्रतीवर करावयाचा.

मग हैदराबादच्या रस्त्यावरील त्या तरुणांचे काय? पुट्टस्वामी खटल्यात 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला तो आवरता येतो. पण त्यासाठी कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि उपाय प्रमाणात हवा. अमेरिकेत 2018 साली एका दरोड्याच्या खटल्यात पोलिसांनी एका माणसाची 127 दिवसांतील 12,898 स्थाने कंपनीकडून मिळविली होती. अशा नोंदींसाठी सर्वसाधारणपणे न्यायाधीशाचे वॉरंट हवे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. आपल्याकडेही नव्या फौजदारी प्रक्रियेप्रमाणे झडती व जप्तीचे चित्रीकरण करावे लागते. पोलिसांशी सौजन्याने वागावे, कायदेशीर तपासात अडथळा आणू नये; परंतु "कोणत्या गुन्ह्यासाठी, कोणत्या अधिकाराने, आणि पंचनामा कोठे आहे?" असे नम्रपणे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

घरच्या कर्त्या माणसांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या. ओळखीच्या माणसासाठीही आपल्या नावावर सिम घेऊ नये. त्या सिमची प्रत्येक नोंद आपल्या नावाने बोलेल. आपल्या नावावर किती सिम आहेत, ते सरकारच्या 'संचार साथी' सेवेवर पाहता येते, आणि हरवलेला फोन तेथेच आयएमईआय क्रमांक देऊन बंद करविता येतो. यास्तव तो क्रमांक घरच्या वहीत लिहून ठेवावा. फोनवर *#06# दाबल्यास तो दिसतो. पैशाची फसवणूक झाल्यास विलंब न लावता 1930 या क्रमांकावर कळवावे. लाज वाटते म्हणून संदेश पुसू नयेत आणि फोन विकू नये. मूळ फोन हाच आपला खरा साक्षीदार. आणि गुन्हा घडला हे ठाऊक असूनही मुलाला वाचविण्यासाठी आईबापांनी त्याच्या फोनमधील पुरावा नष्ट करणे हा निराळा गुन्हा आहे. ती माया नव्हे. त्याने मूल अधिकच बुडते.

सर्वांत शेवटी, शेजाऱ्याविषयी. गावात कुजबुज सुरू होते, "त्याचे लोकेशन तेथेच निघाले म्हणे!" आणि तेवढ्यावर एखाद्याच्या घराशी लोक बोलणे टाकतात, ठरलेली सोयरीक मोडतात. वाचकहो, कोर्टसुद्धा टॉवरच्या एका नोंदीवर थांबत नाही. ते विचारते, फोन कोणाच्या हातात होता, नोंद कोणी काढली, मोहोर जुळते काय, दुसरा पुरावा कोणता? आपण ओट्यावर बसून न्याय करू लागलो, तर निदान तेवढे तरी विचारावे. उत्तरे हाती नसतील, तोवर त्या घरी नेहमीप्रमाणे जावे, आणि त्यांच्या मुलाची विचारपूस करावी.