इतिहासाचें गाईड कीं अकलेचा नवा दलाल ?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

दहावीची परीक्षा जवळ आली कीं तालुक्याच्या बाजारांत पुस्तकांच्या दुकानापुढें आपल्या लोकांची गर्दी होते. कोणी कांदा विकून आलेला असतो, कोणी आठवड्याची मजुरी खिशांत घालून. सर्वांचा प्रश्न एकच : “इतिहासाचें चांगलें गाईड कोणतें ?” दुकानदार सर्वांत जाड असेल तें पुढें करतो, आपण पैसे मोजतों आणि पोराला पास केल्याच्या समाधानांत घरीं येतों. बैल घेतांना आपण दांत पाहतों, चालवून पाहतों. सुतार लाकूड घेतांना गांठ पाहतो. मग लेकराचें पुस्तक तेवढें डोळे मिटून घ्यावें, ही कोणती रीत ?

आधीं परीक्षा काय मागते तें पाहूं. इतिहास व राज्यशास्त्राचा लेखी पेपर ४० गुणांचा. त्यांत इतिहासाचे २८ आणि राज्यशास्त्राचे १२. इतिहासाच्या २८ पैकीं योग्य पर्याय निवडणें व चुकीची जोडी ओळखणें यांचे मिळून अवघे ६. बाकीचे २२ गुण संकल्पनाचित्र, टिपा, कारणें, उताऱ्यावरील प्रश्न आणि सविस्तर उत्तरें यांचे. म्हणजे मुलाला वाचलेलें समजलें पाहिजे, कारण सांगतां आलें पाहिजे, स्वतःचें वाक्य रचतां आलें पाहिजे. आणि तयार उत्तरांचें गाईड त्याला काय शिकवितें ? गिळ आणि ओक ! अर्थ न कळतां पाठ म्हणण्याची जी खोड मोडण्यासाठीं आपल्या वाडवडिलांनीं शिव्याशाप सोसले, तीच खोड आपण पैसे देऊन घरीं आणीत आहों.

एक उदाहरण घ्या. २०१८ सालीं आलेल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत दुसरा पाठ भारतीय इतिहासलेखनाचा आहे. त्याच्या स्वाध्यायांत चार जोड्या देऊन चुकीची ओळखा असें म्हटलें आहे. ‘हू वेअर द शूद्राज’ - वंचितांचा इतिहास. ‘स्त्री-पुरुष तुलना’ - स्त्रीवादी लेखन. ‘द इंडियन वॉर ऑफ इंडिपेन्डन्स १८५७’ - मार्क्सवादी इतिहास. ग्रँट डफ - वसाहतवादी इतिहास. “तिसरी जोडी चूक” एवढेंच जें गाईड छापतें, तें मुलाच्या हातांत फक्त एक आंकडा देतें. परीक्षेंत जोड्यांचा क्रम बदलला कीं पोरगा बुडाला. उलट, तिसरें पुस्तक राष्ट्रवादी लेखनांत कां मोडतें, आणि ग्रँट डफ हा कंपनी सरकारचा अधिकारी असल्यानें १८२६ सालीं त्यानें लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासांत राज्यकर्त्याची नजर कशी येते, हें ज्याला उमगलें त्याला कसल्याही जोड्या घाला, तो अडत नाहीं.

याहून मोठी गोष्ट पुढेंच आहे. त्याच पाठांत वंचितांच्या इतिहासाची हकीकत येते. जोतीरावांची ‘गुलामगिरी’ १८७३ ची, ताराबाई शिंद्यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ ची, बाबासाहेबांचा शूद्रांविषयींचा ग्रंथ १९४६ चा. ज्यांच्या घरांत अक्षर येऊं दिलें नाहीं, त्यांचा इतिहास आज सरकारी पुस्तकांत छापून आला आहे. आणि आपलीच लेकरें तो कसा वाचतात ? “फुले - गुलामगिरी - एक गुण” ! जो सारांश करतो, तोच काय ठेवायचें आणि काय गाळायचें हें ठरवितो. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्यें दलाल नको, असें सत्यशोधक समाजानें १८७३ सालीं बजावलें. मग मूल आणि पुस्तक यांच्यामध्यें दलाल कशाला ?

कोणी म्हणेल, “गुरुजी, तुम्हांला बोलायला काय जातें ? शहरांतल्या मुलाला शिकवणी आहे, घरीं शिकलेले आईबाप आहेत. आमच्या पोराला गाईडाशिवाय आधार कोण ?” हें म्हणणें खरें आहे, आणि म्हणूनच गाईडें जाळा असें मी म्हणत नाहीं. पारखून घ्या, आणि पाठ्यपुस्तकाच्या मागून घ्या, एवढेंच माझें सांगणें. आठवीपर्यंत पुस्तकें फुकट मिळतात, नववीपासून विकत घ्यावीं लागतात. तेथेंच पुष्कळ घरें पाठ्यपुस्तक वगळतात आणि गाईडावर भागवितात. हा बी टाकून नुसतें खत विकत घेण्याचा व्यवहार झाला. बालभारतीच्या संकेतस्थळावर तेंच पुस्तक फुकट उतरवून घेतां येतें. तें आधीं हातीं घ्या. मग मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवा आणि घड्याळ लावून मुलाकडून लिहवून घ्या. त्यानंतर गरज उरली तर दुकानांत जा.

दुकानांत या गोष्टी पाहा. गाईड चालू अभ्यासक्रमाचें आहे काय ? जुन्या बाजारांत २०१८ च्या आधींचीं पुस्तकेंही गळ्यांत बांधतात. एखादें कारण पाठ्यपुस्तकाशीं ताडून पाहा. सालें व नांवें जुळतात काय? उत्तराबरोबर “कां” सांगितलें आहे काय ? मुलानें स्वतः लिहावें म्हणून कोरी जागा, नवे उतारे, रिकामीं संकल्पनाचित्रें आहेत काय ? आणि वर्गांत कोणी “अमुकच गाईड आणा” असा हुकूम सोडला, तर नम्रपणें पण उभें राहून विचारा, “गुरुजी, तेंच कां ?”

शेवटची पारख अक्षर न येणाऱ्या माउलीलाही करतां येते. मुलाला बरोबर न्या. गाईडाचें एक पान त्याला दुकानांतच वाचायला लावा, पुस्तक मिटायला सांगा आणि म्हणा, “आतां मला घरच्या बोलींत समजावून सांग.” त्यानें सांगितलें आणि तुम्हांला समजलें, तर खुशाल पैसे मोजा. तो पुस्तकाचेच शब्द घोकूं लागला, तर तें गाईड कितीही जाड असो, फळीवर परत ठेवा.

- खेड्यांतला एक शाळामास्तर