दारू पिऊन गाडी चालवल्याची केस 'मिटत' नाही. कोर्टातला कागद असा शोधा, असा मागा

नांदेड/लातूर : थर्टी फर्स्ट आला, होळी-धुळवड आली की नाक्यानाक्यावर ब्रेथ अ‍ॅनालायझर मशीन घेऊन पोलीस उभे राहतात. दुसऱ्या दिवशी इतक्या मद्यपी चालकांवर कारवाई, अशी बातमी येते आणि बातमी तिथंच संपते. त्या केसचं कोर्टात पुढं काय झालं, दंड बसला का, लायसन गेलं का, हे गावात कोणालाच ठाऊक नसतं. मग पारावरच निकाल लागतो : मिटलं असेल.

कायदा बघितला तर ही केस अशी मिटूच शकत नाही. हेल्मेट, सीटबेल्टचं चलान जागेवर किंवा मोबाइलवरून भरता येतं. दारू पिऊन गाडी चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ चा गुन्हा आहे आणि तो तडजोडीच्या यादीत बसत नाही. गुन्हा नोंदला गेला, तर तो न्यायदंडाधिकाऱ्यापुढं जातो. तिथं त्याला नंबर पडतो, तारीख पडते, शेवटी आदेश होतो. म्हणजे कागद असतोच. तो खुला आहे, पण कोण मागतो आणि कुठं मागतो यावर तो मिळणं अवलंबून आहे.

कायदा थोडक्यात

१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की कलम १८५ लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड किंवा दोन्ही. दोषी ठरल्यावर कलम २० प्रमाणं किमान ६ महिने गाडी चालवायला अपात्र ठरवण्याचा आदेशही कोर्टानं करायचा असतो. दंडाची चर्चा होते, या आदेशाची होत नाही. निकालाची प्रत हातात आली की आधी ही ओळ शोधावी.

ग्रामीण ठाण्यांत अशा माणसावर महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचं कलम ८५ सुद्धा लावतात. म्हणून फक्त १८५ शोधून थांबू नये. अपघातात माणूस मेला असेल तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, त्यात ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गंभीर प्रकरणात पोलीस सदोष मनुष्यवधाचं कलम १०५ ही लावू शकतात.

मोबाइलवर शोध

'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' हे सरकारी अ‍ॅप आणि वेबसाइट फुकट आहे. राज्य, जिल्हा आणि कोर्ट निवडायचं. नांदेडात बिलोली, कंधार, भोकर, देगलूर, लातुरात उदगीर, निलंगा, अहमदपूर अशी कोर्टं वेगवेगळी दिसतात. गुन्हा ज्या ठाण्याचा, त्या ठाण्याच्या हद्दीचं कोर्ट निवडायचं. जिल्ह्याच्या गावचं कोर्ट निवडून 'केस सापडत नाही' म्हणणारे बरेच असतात.

सगळ्यात खात्रीचा रस्ता म्हणजे पोलीस ठाणं, गुन्हा नंबर आणि वर्ष टाकून शोधणं. गुन्हा नंबर नसेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रसिद्ध केलेल्या एफआयआर बघाव्यात. संवेदनशील गुन्हे सोडून बाकी एफआयआर साइटवर टाका, असा सर्वोच्च न्यायालयाचा ७ सप्टेंबर २०१६ चा आदेश आहे.

नावानं शोधायचं तर किमान तीन अक्षरं आणि वर्ष लागतं. इथं स्पेलिंगचा घोळ होतो. 'शेख' किंवा 'जाधव' इंग्रजीत दोन-तीन तऱ्हेनं लिहितात, सगळ्या तऱ्हा टाकून बघाव्या लागतात. केस सापडली की १६ अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर लिहून ठेवायचा, पुढं तेवढ्यावर सगळं निघतं.

छोट्या दारूच्या केस बहुतेक 'एस.सी.सी.' म्हणून नोंदतात, अपघाताच्या मोठ्या केस 'आर.सी.सी.' म्हणून, आणि भरपाईचा दावा 'एम.ए.सी.पी.' म्हणून. 'पेंडिंग' म्हणजे केस चालू आहे. 'डिस्पोज्ड' म्हणजे केस संपली, एवढंच. शिक्षा झाली की सुटला, हे निकालाच्या प्रकारात आणि आदेशात बघावं लागतं. छोट्या केसचा आदेश अनेकदा साइटवर नसतो, त्यासाठी नक्कलच काढावी लागते.

देगलूर, बिलोली, धर्माबादची माणसं कामाला निजामाबाद, हैदराबादला जातात, उदगीर-देवणीची बिदरला. तिकडं केस झाली असेल तर त्याच अ‍ॅपवर तेलंगणा किंवा कर्नाटक निवडायचं.

नक्कल कोणाला मिळते?

आरोपीला आणि निकालाचा ज्याच्यावर परिणाम होतो त्याला अर्ज केल्यावर नक्कल मिळते. कोर्टाच्या नक्कल विभागात केस नंबर, पक्षकारांची नावं, निकालाची तारीख आणि कोणता कागद हवा ते लिहून, कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज द्यायचा. केसशी संबंध नसलेल्या माणसानं अर्जात कारण लिहायचं, देणं न देणं कोर्टाच्या परवानगीवर राहतं. शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर नेमताना पालकांनी मागितलं, ऊसवाहतुकीला ट्रॅक्टर लावताना मालकानं मागितलं, तर ते कारण सांगण्यासारखं आहे.

इथं एक चूक टाळावी. कोर्टाच्या फाइलीची नक्कल माहिती अधिकारात मागितली तर अर्ज परत येतो. सर्वोच्च न्यायालयानं ४ मार्च २०२० रोजी गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सांगितलं आहे, की कोर्टाचे कागद कोर्टाच्या नियमानंच मागायचे. आणि उशीर करू नये. छोट्या केसची फाइल ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात.

पहिल्या काही तासांचा कागद

अपघातात घरचं माणूस गेलं, तर कोर्टाच्या निकालाची वाट बघत बसणं महागात पडतं. कोर्टात तेच टिकतं, जे पहिल्या काही तासांत कागदावर आलं. कलम १८५ खाली अटक झाली तर दोन तासांत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते, नाहीतर आरोपीला सोडावं लागतं. रक्त कधी घेतलं, कोणी घेतलं, सील कोणी केलं, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत कधी पोचलं, ही साखळी कागदावर लागते.

१९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला आलिशान गाडीनं दोघांचा जीव घेतला. गाडी चालवणारा अल्पवयीन असल्याचं पोलिसांनी सांगितलं आणि ससून रुग्णालयात त्याचं रक्त बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. मुंबईत सप्टेंबर २००२ च्या अपघातात अभिनेता सलमान खानला सत्र न्यायालयानं ६ मे २०१५ रोजी ५ वर्षांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयानं १० डिसेंबर २०१५ रोजी त्याला निर्दोष सोडलं. तो दारू प्यालेला होता आणि गाडी तोच चालवत होता, हे दोन्ही सिद्ध झालं नाही, असं कोर्टाचं म्हणणं. पुण्या-मुंबईत, सगळ्या देशाचं लक्ष असताना रक्ताच्या नमुन्यावर एवढा वाद होतो. तुळजापूर-नांदेड महामार्गावर लोह्याजवळ किंवा चाकूरजवळ रात्री दोन वाजता झालेल्या अपघातात तर विचारणारंच कोणी नसतं.

म्हणून नातेवाइकांनी ठाण्यात लेखी विचारावं : चालकाचं रक्त घेतलं का, कधी घेतलं? अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं नव्या नागरिक सुरक्षा संहितेनं पोलिसांवर बंधनकारक केलं आहे. पीडिताचा वकील असेल तर दोषारोपपत्राची प्रत त्यालाही मिळते. भरपाईच्या दाव्यासाठी कायद्यात अपघातापासून ६ महिन्यांची मुदत घातली आहे, तेव्हा फौजदारी निकालापर्यंत थांबू नये.

चालक दारू प्यालेला निघाला तर भरपाई बुडते, अशी एक भीती गावात असते. न्यायाधिकरण विमा कंपनीला आधी वारसांना पैसे द्यायला लावून नंतर ते मालकाकडून वसूल करायला सांगू शकतं. म्हणजे खरी जोखीम गाडीमालकाची. हंगामात दोन ट्रॉल्या जोडून रात्रीचा ट्रॅक्टर दुसऱ्याच्या हाती देताना चालकाची जुनी केस बघणं हे मालकाच्याच फायद्याचं आहे.

भरतीच्या पोरांनी हे वाचावं

लातूर-नांदेडात पोलीस भरती, सैन्य भरतीची तयारी करणारी पोरं हजारोंनी आहेत. एखादा सापडला की सल्ला मिळतो : कबूल कर, दंड भर, मोकळा हो. कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरणं म्हणजे दोषी ठरणं. चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये गुन्हा, अटक, शिक्षा याची माहिती विचारतात. सर्वोच्च न्यायालयानं २१ जुलै २०१६ च्या अवतार सिंग निकालात सांगितलं, की माहिती खरी द्यायची, लपवली तर नेमणूक रद्द होऊ शकते, आणि किरकोळ प्रकरण असेल तर ते माफ करायचं की नाही हे नेमणूक करणारा ठरवेल. तेव्हा कबुली देण्याआधी वकिलाला विचारावं आणि केस संपली की निकालाची नक्कल काढून घरात ठेवावी.

माहिती अधिकार कुठं चालतो?

एका माणसाची फाइल मागण्यापेक्षा आकडे मागावेत. आपल्या ठाण्यात वर्षभरात कलम १८५ चे किती गुन्हे नोंदले, किती कोर्टात पाठवले? आरटीओत विचारावं, दारूच्या कारणानं किती लायसन निलंबित झाली? अर्ज १५० शब्दांत, एकाच विषयावर, १० रुपये फी, उत्तर ३० दिवसांत. नाक्यावर पकडल्याचे आकडे आणि कोर्टात पोचलेले आकडे जुळले नाहीत, तर पुढचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका समितीकडं जावं, हेल्पलाइन १५१००. महिलांना उत्पन्नाची अट नाही.

स्क्रीनशॉट टाकण्याआधी

एका नावाची दहा माणसं एका तालुक्यात निघतात. वडिलांचं नाव, गाव आणि गुन्हा नंबर जुळल्याशिवाय कोणाचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नये. चालू केस म्हणजे शिक्षा नव्हे. १८ वर्षांच्या आतल्या पोराची ओळख जाहीर करणं तर बाल न्याय कायद्यानं गुन्हाच आहे. निवडणुकीच्या तोंडावर कोणाची जुनी केस उकरायला हा रस्ता वापरला, तर उद्या खऱ्या गरजूला नक्कल देतानाही दहा प्रश्न विचारले जातील. अपघातात ज्याचं माणूस गेलं त्याला आणि ज्याची पोरं रोज शाळेच्या गाडीत बसतात त्याला या कागदाची खरी गरज आहे. त्यांनी मात्र संकोच न करता मागावा.