३८ हजार प्रोसेसर आणि कपाटातली तीन यंत्रे

‘इंडिया एआय मिशन’साठी केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले. आरंभी उद्दिष्ट दहा हजार ग्राफिक्स प्रोसेसरांचे होते. पुढे हा आकडा ३८ हजारांपलीकडे गेल्याचे आणि तासाला सरासरी ६५ रुपयांच्या सवलतीच्या दरात ते वापरायला मिळणार असल्याचे सरकारने जाहीर केले. बातमी स्वागतार्हच आहे. मात्र या बातम्यांत यंत्रांची मोजदाद होते, यंत्र जाणणाऱ्या माणसांची होत नाही. तासाच्या भाड्याने घेतलेले यंत्र वापरता येते. ते उघडता येत नाही आणि मुद्दाम बिघडवून पाहता येत नाही. ज्याला हात लावता येत नाही, ते अर्धेच शिकता येते.

बंगळुरूच्या कोरमंगल्यात हे अर्धशिक्षण रोजच्या व्यवहारात दिसते. याच वस्तीतल्या एका सदनिकेत २००७ साली फ्लिपकार्टचा आरंभ झाला, आणि तेव्हापासून कोरमंगला म्हणजे नवउद्योगांचे माहेरघर अशी ख्याती झाली. येथे नोकरीला लागणारा तरुण अभियंता पहिल्याच दिवशी ब्राउझरमधली चार बटणे दाबून सर्व्हर ‘उभा’ करतो. तो सर्व्हर कोणत्या यंत्रावर आहे, त्या यंत्राची स्मृती किती जणांत वाटली गेली आहे, डिस्क मेली तर विदा कोठून परत येईल, हे प्रश्न त्याला पडत नाहीत. बटणे बदलली की तो पुन्हा नवशिका होतो.

त्याच कोरमंगल्याच्या दुसऱ्या ब्लॉकमध्ये भारतीय ताराभौतिकी संस्था आहे. तिचा इतिहास या तरुणाला कोणी सांगितलेला नसतो. तमिळनाडूतील कावलूरला या परंपरेने १९६८ साली वेध घेण्यास सुरुवात केली, ती कोडईकनालच्या वेधशाळेत घरच्या घरी घडवलेल्या ३८ सेंटीमीटरच्या दुर्बिणीने. पुढे वेणू बाप्पू यांच्या ध्यासातून तेथेच २.३४ मीटरची स्वदेशी दुर्बीण उभी राहिली; बाप्पू १९८२ साली निवर्तले आणि १९८६ साली तिला त्यांचे नाव देण्यात आले. ‘आदित्य-एल१’वरील सूर्यकिरीट पाहणारे उपकरणही याच संस्थेने घडवले. लहान दुर्बीण हातांनी घडवली होती, म्हणून मोठीचा विचार करता आला. संगणनाच्या क्षेत्रात ही ३८ सेंटीमीटरची पायरीच देशाने गाळून टाकली आहे.

ती पायरी म्हणजे घरातली किंवा महाविद्यालयातली सर्व्हर लॅब. तिचे स्वरूप अगदी साधे आहे. कार्यालयांतून निवृत्त झालेले तीन छोटे डेस्कटॉप बंगळुरूच्या एस.पी. रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत शोधता येतात. प्रत्येकात शक्य तितकी रॅम घालावी, बायॉसमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय सुरू करावी, आणि त्यावर प्रॉक्समॉक्ससारखी मुक्त प्रणाली बसवावी. हायपरवायझर नावाचा थर एका यंत्राच्या पोटात अनेक स्वतंत्र यंत्रांचा आभास निर्माण करतो. प्रत्येकाला वाटते की प्रोसेसर आणि स्मृती आपलीच आहे. ही कल्पना १९६० च्या दशकात आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर जन्मली. लिनक्सच्या गाभ्यात तिचे केव्हीएम हे रूप २००७ पासून आहे. गूगलच्या क्लाउडमधली यंत्रेही केव्हीएमवरच चालतात. म्हणजे जे तंत्र भाड्याने विकत घेतले जाते, त्याचा पाया कपाटातल्या यंत्रावर फुकट उपलब्ध आहे.

यंत्रे तीनच का, हा या आराखड्यातला पहिला धडा. दोन यंत्रांतला दुवा तुटला तर प्रत्येकाला दुसरे मेले असे वाटते आणि दोघेही एकाच विदेवर मालकी सांगू लागतात. तीन असली की बहुमत ठरते. जे दोघे एकमेकांना दिसतात, ते काम चालू ठेवतात. हे पुस्तकात वाचून कळते, पण चालत्या यंत्राची वायर उपटल्यावर पटते. दुसरा धडा साठवणुकीचा. दोन डिस्कांवर एकच विदा ठेवली तर एक डिस्क मेल्याने नुकसान होत नाही. मात्र चुकीची आज्ञा दिली तर दोन्ही प्रती एकदमच पुसल्या जातात. त्याच डिस्कवर ठेवलेला स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, आणि कधीही परत आणून न पाहिलेला बॅकअप म्हणजे केवळ श्रद्धा. तिसरा धडा जाळ्याचा: घरातल्या फोनांना आणि प्रयोगाच्या यंत्रांना स्विचवर वेगळे कप्पे द्यावेत, म्हणजे एका कप्प्यातली आग दुसऱ्यात जात नाही.

यावर नेहमीचे आक्षेप येतील. पहिला विजेचा. प्रत्येकी १५ वॉट घेणारी तीन यंत्रे आणि स्विच वगैरे धरून ६० वॉटचा भार धरला, तर महिन्याला सुमारे ४३ युनिट होतात. तेही चोवीस तास चालवल्यास. दुसरा आक्षेप असा की क्लाउडवर विनामूल्य खाती मिळतात. मिळतात, पण तेथे नेमका तोच थर झाकलेला असतो जो शिकायचा आहे. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: उद्योगाला क्लाउड येणारी माणसे हवीत. हे खरे आहे, आणि मोठ्या सेवांसाठी क्लाउड सोयीचा आहे यातही वाद नाही. परंतु पाया ठाऊक असलेला माणूस क्लाउड काही आठवड्यांत शिकतो. केवळ बटणे ठाऊक असलेल्याला पाया शिकवायला कोणतीही कंपनी वेळ देत नाही.

बटणांवरचे ज्ञान किती ठिसूळ असते, हे अलीकडेच दिसले. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली. पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबली, आणि २०२४ च्या आरंभी असंख्य विद्यार्थी ज्यावर शिकले ती विनामूल्य आवृत्तीही बंद झाली. एप्रिल २०२५ मध्ये ती परत आली खरी, पण देणाऱ्याच्या मर्जीने. ज्यांना तत्त्व ठाऊक होते ते दुसऱ्या प्रणालीकडे वळले. इतरांच्या हाती नव्या दरपत्रकाची वाट पाहणे उरले. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातील तेलकंपनीच्या सेवा रोखल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि मग सेवा पूर्ववत झाल्या. तेलशुद्धीकरणासारखा उद्योग चालवणाऱ्या कंपनीच्या टपालपेटीची किल्ली परक्याच्या हाती असणे, हा राष्ट्रीय प्रश्न नाही तर काय?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने एकदा दिलेले आहे. हव्या त्या क्षमतेचा क्रे महासंगणक देण्यास अमेरिकेने नकार दिला, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ सिद्ध झाला. अनेक लहान प्रोसेसर जोडून एक मोठे यंत्र घडवण्याची ती रीत होती. कपाटातल्या तीन यंत्रांवर काम करणारा विद्यार्थी जोडणीचे तेच शास्त्र लहान प्रमाणात गिरवत असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले; ते चालवणारी पुढची पिढी कोठे घडणार, हे मात्र कोणत्याही भाषणात आले नाही.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयात किमान एक अशी प्रयोगशाळा असावी, जेथे विद्यार्थी रिकाम्या यंत्रापासून सुरुवात करून आपला समूह उभा करील, तो पाडील आणि बॅकअपमधून परत आणील. आणि गुण त्या परत आणण्याला मिळावेत. सरकारी कार्यालये व कंपन्यांनी बदललेले चालू संगणक, डिस्का नीट पुसून, भंगारात जाण्यापूर्वी या महाविद्यालयांना देऊ करावेत. ३८ हजार प्रोसेसरांच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे. तो झाला नाही, तर देशाकडे संगणनशक्ती येईल, पण ती बंद पडेल त्या रात्री दुरुस्त करणारा माणूस पुन्हा बाहेरूनच बोलवावा लागेल.