वजन बाळाचे, आरोप आईवर

जन्माच्या दिवशी बाळाचे वजन २८०० ग्रॅम भरते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काटा २६०० दाखवतो. लगेच घरात कुजबुज सुरू होते, 'हिला दूधच नाही', 'अंगावरचं पुरत नाही बाळाला'. संध्याकाळपर्यंत पावडरचा डबा घरात येतो. वस्त्यांमध्ये काम करताना हे आम्हांला वारंवार पाहायला मिळते.

खरे म्हणजे यात आईचा काहीच दोष नसतो. जन्मतः बाळाच्या शरीरात जादा पाणी असते, ते लघवीवाटे निघून जाते. पोटातली काळी शी पडून जाते. चीक थोडा दिसला तरी त्याच्या इवल्याशा पोटाला तो पुरतो. म्हणून पहिल्या तीन-चार दिवसांत ५ ते ७ टक्के वजन घटणे स्वाभाविक आहे. पाचवीनंतर काटा वर चढू लागतो आणि दहा ते चौदा दिवसांत, म्हणजे बारशाच्या सुमारास, जन्मवजन भरून निघते. घट १० टक्क्यांवर गेली, बाळ मलूल पडले, लघवी कमी झाली किंवा दोन आठवड्यांनीही वजन भरून आले नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवे. विनाकारण बाटली दिली की बाळ अंगावर कमी ओढते, आणि कमी ओढले की दूधही कमी येते. खोटा आरोप असा खरा करून दाखवला जातो! डब्याच्या दुधाच्या जाहिरातींवर १९९२ च्या कायद्याने बंदी आली, पण ते काम आता घरातलीच माणसे करतात.

ज्या वजनाची खरी काळजी करायला हवी, ते बऱ्याच अंशी जन्माआधीच ठरते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २७०० ग्रॅम होते, तर इंग्लंडमधील बाळांचे ३५०० ग्रॅम. ज्या बाईला गरोदरपणात शेतातले आणि घरातले कष्ट जास्त, तिचे बाळ लहान. जिच्या खाण्यात पालेभाजी, फळे, दूध वरचेवर, तिचे बाळ त्या मानाने भरलेले. या मुलांचे हातपाय काटकुळे, पण अंगात चरबी मात्र राखलेली. अशी मुले पुढे बालपणी झपाट्याने जाड झाली, तर मोठेपणी मधुमेहाचा धोका वाढतो. उलट पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली उंची नंतर सहसा पुरती भरून येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. यातल्या मुलीच उद्या लहान चणीच्या आया होणार, आणि हे चक्र असेच फिरत राहणार.

मग प्रश्न विचारायचा कोणाला? सर्वांना वाढून झाल्यावर उरलेसुरले खाणाऱ्या बाईला, की तिला शेवटी जेवायला लावणाऱ्या घराला? २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, ती नोकरदार बाईला. ऊसतोडीला जाणारी, बांधकामावर घमेली वाहणारी, धुणीभांडी करणारी बाई पोट पुढे आले तरी कामावर असते आणि बाळंत झाल्यावर लवकरच पुन्हा जुंपली जाते. बाळाला दिवसभर अंगावर पाजायचे, तर तिने बसायचे कुठे, आणि त्या दिवसांची मजुरी द्यायची कोणी?

आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आणि पुढेही ठरल्या दिवशी घरी येऊन बाळाचे वजन करतात. बाळंतिणीच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने घालून दिली. मैत्रिणींनो, आशाताई आल्या की सासूबाईंना आणि बाळाच्या बापालाही शेजारी बसवा. बाळाच्या वजनाबरोबर बाळंतीण काय जेवली, किती झोपली, हेही विचारा. आणि ग्रामसभेत, मोर्च्यात प्रत्येक कष्टकरी बाईसाठी भरपगारी बाळंतपणाची रजा मागा. बाळाचे वजन ही एकट्या आईची जबाबदारी नाही, हे आता घराने आणि सरकारने मान्य केलेच पाहिजे.