सीईओ, मापाडी आणि वॉचमनही

पत्र्याच्या शेडवर कंपनीचा बोर्ड आहे आणि आत टेबलावर ‘मुख्य कार्यकारी अधिकारी’ अशी पितळी पाटी. पाटीमागची खुर्ची मात्र दिवसभर रिकामी. साहेब बाहेर काट्यापाशी, बारदान्याच्या गठ्ठ्यावर एक पाय टेकवून, कानाला फोन लावून उभे. वय अठ्ठावीस, शिक्षण बी.एस्सी. ॲग्री. लातूर भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या आवारातली ही ऑक्टोबरअखेरची दुपार. फोनवर सीए विचारतोय, “संचालकांच्या सह्या कधी मिळणार?” समोर ट्रॉलीवाला विचारतोय, “खाली करू का?” शेजारी उभे असलेले साहेबांचे चुलते काहीच विचारत नाहीत. ते फक्त मीटरकडे बघताहेत. सोयाबीनची हवा, म्हणजे ओलावा, १४.२ टक्के आली आहे आणि हमीभावाच्या खरेदीला १२ च्या आत लागते.

“परत लाव बरं एकदा.”

त्याने दुसऱ्या पोत्यातून मूठभर दाणे काढून परत लावलं. १४.०. २०२४ च्या हंगामात केंद्राने १५ टक्क्यांपर्यंत सूट दिली होती. चुलत्यांच्या लक्षात तेवढीच राहिली आहे.

सीएचंही चुकत नाही. वार्षिक सभा साधारण सप्टेंबरअखेर होते. तिथून ३० दिवसांत ताळेबंदाचा एओसी-४ आणि ६० दिवसांत वार्षिक विवरणाचा एमजीटी-७ भरायचा. उशीर झाला की फॉर्ममागे रोज शंभर रुपये. हे वेळापत्रक आखणाऱ्याने सोयाबीन कधी निघतं ते कुणाला विचारलं नसावं. मळणी, खरेदी केंद्र, शेतकऱ्यांचे सातबारे आणि पासबुकं गोळा करणं, हरभऱ्याचं बियाणं वाटणं, सगळं त्याच दोन महिन्यांत येतं.

उत्पादक कंपनी आपल्या कायद्यात आली ती अलघ समितीच्या शिफारशीवरून, २००३ साली. सहकारातली मालकी आणि कंपनीतला धंदा, दोन्ही शेतकऱ्याला मिळावं ही कल्पना चांगलीच होती. कायद्याने पूर्णवेळ मुख्य कार्यकारी सक्तीचा केला, आणि तोही सभासदांबाहेरचा. म्हणून इथे बाप सभासद आणि मुलगा पगारी. कंपनी सचिव मात्र सलग तीन वर्षं सरासरी उलाढाल पाच कोटींच्या वर गेल्याशिवाय सक्तीचा नाही, तेव्हा तोवर तेही काम याच्याच गळ्यात. २०२० मध्ये केंद्राने दहा हजार कंपन्या उभ्या करण्याची योजना आणली. तिच्यात कार्यकारी अधिकाऱ्याच्या पगाराला महिना २५ हजारांपर्यंत, लेखापालाच्या १० हजारांपर्यंत मदत आहे, तीन वर्षं. दहा हजारांत जीएसटी भरणारा माणूस तालुक्याला टिकत नाही, तो शहरातली पेढी गाठतो. त्याचं टेबल मग कुणाकडे येतं हे सांगायला नको. मापाडी, गोदामपाल आणि रात्री ताडपत्रीखालच्या मालाची राखण करणारा वॉचमन, यांचा तर हिशेबच कुणी धरलेला नाही.

पु. ल. देशपांड्यांचा ‘गुळाचा गणपती’ हा चित्रपट ‘सबकुछ पु. ल.’ म्हणून ओळखला जातो. सिनेमात ते कौतुकाचं आहे. एकाच माणसाने पटकथा लिहिली, चाल लावली आणि भूमिकाही केली म्हणून प्रेक्षकाचं काही बुडत नाही.

इथेही कौतुक होतं. वार्षिक सभेत अध्यक्ष सांगतात, “आमच्या पोराला सगळं येतं. काटा येतो, कॉम्प्युटर येतो, बँक येते, वेळ पडली तर ट्रॅक्टरही हाणतो.” टाळ्या पडतात. कंपनीला या टाळ्या फार स्वस्तात पडतात; त्यात निदान तीन पगार वाचलेले असतात.

छोट्या धंद्यात पडेल ते काम करावं लागतं, हे खरंच. कृषी सेवा केंद्राचा मालकही खताची पोती उचलतो, करप्याला काय मारायचं ते सांगतो आणि उधारीची वही लिहितो. पण ते दुकान त्याचं एकट्याचं असतं. वही चुकली तर बुडणारे पैसे त्याचे. कंपनीचा काटा तीनशे-चारशे सभासदांचा आहे. तिथे ज्याने हवा, माती, डागी ठरवायची त्यानेच माप करायचं, पावती फाडायची, बिल करायचं आणि पैसेही सोडायचे. बाजार समितीत परवाना असलेला मापाडी वेगळा, आडत्या वेगळा, हमाल वेगळा असतो. कुणाचा कुणावर विश्वास नाही म्हणूनच ती घडी बसली आहे. आडत्याला शिव्या घालत आपण कंपन्या काढल्या आणि आडत्याकडेही कधी नव्हते एवढे अधिकार एका पोराच्या हातात दिले. तो लबाड निघाला तर त्याला दार सताड उघडं आहे. सरळ असला, आणि बहुतेक सरळच असतात, तर संशय मुकाट सोसायचा. शिवाय संशय घेणारे भावकीतलेच.

तालुक्यातल्या चार-पाच कंपन्यांनी मिळून एक चांगला लेखापाल ठेवला, तर त्याला जगण्याजोगा पगार देता येईल. हंगामापुरतं या कंपनीच्या पोराने त्या कंपनीच्या काट्यावर बसावं, त्याने इथे यावं. यासाठी कुठल्याही शासन निर्णयाची वाट बघायला नको. अडचण एवढीच की अध्यक्ष एकमेकांशी बोलत नाहीत.

चुलत्यांनी तिसऱ्यांदा मीटर लावायला सांगितलं नाही. “दुसऱ्या कुणाला तरी लावू दे,” म्हणाले. त्याने आवारात नजर फिरवली. हमाल जेवायला गेले होते. मग त्याने मीटर चुलत्यांच्याच हातात दिलं, दाणे किती घ्यायचे आणि कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं, आणि सीएला फोन लावत आत गेला.