मनीऑर्डरमागचा गृहस्थ

मृत्युलेख कोणाचा लिहावा, याविषयी आपल्या समाजाचे काही संकेत ठरून गेले आहेत. घरादारावर तुळशीपत्र ठेवून जो सार्वजनिक कार्यात उतरला, त्याचे चरित्र लिहिले जाते, त्याच्या जन्मशताब्द्या साजऱ्या होतात. उलट ज्याने सारे आयुष्य घरासाठीच वेचले, त्याच्या वाट्याला भिंतीवरची एक तसबीर आणि पितृपक्षातील म्हाळाचे पान एवढेच येते. मालवणच्या किनारपट्टीवर अशा तसबिरी घरोघर आढळतात. आचरे, मसुरे, पेंडूर, चौके अशा कोणत्याही गावात जुन्या घराच्या पडवीत पाऊल टाकावे, तो टोपी घातलेला, कॅमेऱ्यासमोर अवघडून बसलेला एक चेहरा समोर दिसतो. घरातील माणसे त्याची ओळख एका वाक्यात करून देतात : "आमचो आजो. मुंबयत गिरणीत होतो." त्या एका वाक्यात एका माणसाची चाळीस वर्षे मावतात. कोकणातील तीन-चार पिढ्यांच्या संसाराचा इतिहासही त्यातच दडलेला आहे आणि तो अद्याप पुरता लिहिला गेलेला नाही.

हा माणूस शेतावर वाढला. मृगाच्या सरी कोसळू लागल्या की नांगरट, चिखलणी, तरवा काढणे आणि लावणी या क्रमाने त्याच्या बालपणाचे पावसाळे गेले. शेत म्हणजे डोंगर आणि खाडी यांच्या बेचक्यात पडलेले चार कुणगे, वर कातळ आणि उतारावर नाचणी. पाऊस उदंड, पण तो चार महिन्यांत समुद्राला मिळून जाई आणि वायंगणी पीक पाण्याची सोय असेल तेथेच निघे. घरचे भात वर्षभर पुरेल अशी घरे थोडीच होती. तरीही त्या घरांत एक नियम कसोशीने पाळला जाई. उकड्या तांदळाची पेज पातळ झाली तरी चालेल, परंतु बियाण्यासाठी राखलेल्या भाताला हात लावायचा नाही. बचत या शब्दाचा अर्थ या मुलाला प्रथम तेथे कळला. आजची भूक मारून उद्याचे पेरणे जपावयाचे, ही शिकवण घेऊनच तो एके दिवशी मुंबईच्या बोटीत चढला.

मुंबईत कापडगिरणीची मुहूर्तमेढ १८५४ मध्ये रोवली गेली. पुढे शतकभर गिरण्यांना जी माणसे लागली, त्यांत तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा फार मोठा होता. आजचा सिंधुदुर्ग १ मे १९८१ रोजी त्यातूनच वेगळा झाला. परळ, लालबाग, चिंचपोकळी येथील चाळींत गावकऱ्यांच्या सामाईक खोल्या असत. एकेका खोलीत कितीतरी माणसे. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. पहिल्या पाळीचा कामगार उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागी पाठ टेकी. जेवणासाठी खाणावळ होती आणि ती चालविणारी बहुधा गावाकडचीच कोणी कष्टाळू बाई असे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून याच खाणावळवाल्या स्त्रियांना संघटित केले. आयुष्याचा एवढा काळ ज्याने परक्या पंक्तीत जेवून काढला, त्याला कुटुंबवत्सल म्हणावे, हे वरवर पाहता विपरीत वाटेल. परंतु त्याच्या वत्सलतेला दुसरे रूप परवडणारेच नव्हते. कुटुंब जगावे म्हणून त्याला कुटुंबापासून दूर राहावे लागले.

या नात्याचा धागा म्हणजे मनीऑर्डर. भारतीय टपाल खात्याने ही सेवा १८८० मध्ये सुरू केली आणि तिचे जुने, कागदी स्वरूप २०१५ मध्ये बंद केले. एकशेपस्तीस वर्षांच्या या अवधीत कोकणातील संसारांचा पत्रव्यवहार या फॉर्मवरूनच मोठ्या प्रमाणात झाला. खालच्या कुपनावर दोन-चार ओळींची जागा असे. धाकट्याला शाळेत घाला, गोठ्याची कौले परतून घ्या, आईच्या औषधात हयगय नको. मायेचा एकही शब्द नसलेल्या त्या ओळींत सगळी माया असे. पैसे मिळाल्याची पोच परत मुंबईस जाई आणि तिच्यावर बायकोची सही किंवा अंगठा असे. अनेक पती-पत्नींच्या सहजीवनाचा लेखी पुरावा म्हणजे या पोचपावत्याच होत.

अर्थशास्त्राने या व्यवहाराला 'मनीऑर्डरची अर्थव्यवस्था' असे नाव दिले. त्या नावात किंचित हिणवणीचाही सूर आहे : जणू मुंबई कमावत होती आणि कोकण बसून खात होते. वस्तुतः हिशेब उलट बाजूनेही मांडून पाहावयास हवा. गिरणीमालकाने दिलेले वेतन एका माणसाच्या पोटापुरते आणि त्याहून थोडे अधिक असे. कामगाराची मुले वाढविणे, म्हातारी माणसे सांभाळणे, आजारी पडून परतलेल्याची शुश्रूषा करणे आणि निवृत्त झालेल्याला पोसणे, हा सारा खर्च गावातील शेत आणि घर उचलीत होते. हा खर्च वेतनात धरावयाचा असता, तर मुंबईचे कापड एवढ्या स्वस्तात विणले गेले नसते. तेव्हा मालवणच्या कुणग्यांनी मुंबईच्या उद्योगाला शंभर वर्षे अनुदान दिले, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

हे अनुदान ज्या हातांनी दिले, ते प्रामुख्याने स्त्रीचे होते. नवरा मुंबईस असताना तरवा तिने काढला, मजूर तिने लावले, भात तिने झोडले, सासूसासऱ्यांचे तिने केले. १९४८ च्या कूळ कायद्याने जमीन 'स्वतः कसणे' याच्या व्याख्येत कुटुंबातील माणसाच्या श्रमाने कसणेही धरले, आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारी कुळे कायद्याने मालक मानली गेली. मुंबईत साच्यावर उभ्या असलेल्या कुळाची जमीन पुष्कळदा राहिली, ती गावात चिखलात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोमुळे. सातबारावर नाव मात्र त्याचे लागले. तेव्हा या गृहस्थाचे स्मरण करताना त्याच्या शेजारी दुसरी तसबीर नसेल, तर ते स्मरण अर्धे राहील.

चाकरमान्याचे देव्हाऱ्यात बसविण्याजोगे चित्र रंगविणे हाही अन्यायच ठरेल. मुंबईने काहींना दारू शिकविली, काहींना सावकाराच्या व्याजात बुडविले, आणि काहींच्या मनीऑर्डरी एके दिवशी कायमच्या थांबल्या. जो नियमाने पैसे पाठवी, त्याच्याही घरात एक दुखरी जागा असे. चतुर्थीला आठ-दहा दिवसांसाठी येणारा हा मनुष्य धाकट्या मुलाला पाहुणा वाटे. बापाने जवळ घेतले की ते आईमागे लपे. बापाचे मोठेपण मुलांना उमगले, तेव्हा तो म्हातारा झालेला असे आणि बोलण्याची सवय दोघांनाही उरलेली नसे. त्यागाची ही किंमत कोणत्याही कुपनावर लिहिलेली नव्हती.

या संसाराची खरी कसोटी १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात लागली. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. पगार थांबला, खाणावळीची उधारी वाढली आणि हजारो कामगारांनी गावची वाट धरली. ज्या घराला त्यांनी आयुष्यभर पैसे पाठविले, त्या घराने त्यांना त्या दिवसांत पेज घातली. कित्येकांनी पुन्हा मुंबई पाहिली नाही. त्यांतील काही पन्नाशीच्या पुरुषांनी खांद्यावर पुन्हा जोत घेतले. पुढे १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, तेव्हा वरकस जमिनीत काजू आणि हापूसची कलमे लावणाऱ्यांत हे परतलेले गिरणी कामगारही होते. झाड लागते होईल तेव्हा आपण असू की नसू, याचा विचार त्यांनी केला नाही. बियाण्याचे भात राखणाऱ्या घरात तो विचार करावयाचा नसतो.

त्या पेरणीचे आज काय झाले आहे? १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि मुंबई एका रात्रीवर आली; परंतु माणसे परतली नाहीत. सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, ती २०११ च्या जनगणनेत ८,४९,६५१ भरली. हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या तेव्हाही १,०३६ होती. म्हणजे पुरुष अजूनही बाहेरच होते. फरक एवढाच की आताचा चाकरमानी कुटुंब बरोबर नेतो. हे चांगलेच झाले. आजोबांनी जे सोसले ते नातवाने सोसू नये, यासाठीच तर आजोबांनी ते सोसले होते. पण मागे राहिलेल्या घराला कुलूप लागले आणि कुणग्यांत रान माजले. एकाच सातबारावर वीस-पंचवीस नावे साठली आणि वारसांत बोलणे उरले नाही.

अशा वेळी समुद्रकिनारी जमिनीला भाव येतो आणि दलाल दारी उभा राहतो. मग सर्वप्रथम आठवण होते ती बहिणींच्या हक्कसोडपत्राची. मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क देणारा कायदा महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये आला. परंतु ज्या मुलींनी बाप मुंबईत असताना आईबरोबर तरवा काढला, त्यांच्याकडूनच माहेर टिकावे म्हणून सही मागितली जाते, आणि माहेर तुटेल या भयाने ती दिलीही जाते. बापाची तसबीर ही सही होत असताना भिंतीवरच असते.

स्मरण म्हणजे नेमके काय करावयाचे, हा प्रश्न इथे येऊन ठेपतो. या गृहस्थासाठी पुतळा नको आणि त्याच्या नावाचा रस्ताही नको. वारसांच्या नोंदी वेळेवर व्हाव्यात, त्यांत विधवेचे आणि मुलींचे नाव विनातक्रार यावे, आणि विकण्यापूर्वी निदान एकदा सर्व भावंडांनी त्या खळ्यात एकत्र बसावे. जमीन विकू नये असे कोणी कोणाला बजावू शकत नाही. गरज ही गरजच असते. मात्र जे विकले जात आहे ते कोणी व कशातून राखले, हे विकणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. गावच्या शाळेने आणि वाचनालयाने ट्रंकांच्या तळाशी उरलेली कुपने व पोचपावत्या मागून घेतल्या आणि जपल्या, तर ज्या इतिहासाला अद्याप लेखक मिळाला नाही त्याला निदान साधने तरी मिळतील.

घरासाठी जगणे हे लहान ध्येय आहे, असे मानण्याची आपल्याला सवय लागली आहे. मालवणच्या पडवीतील तो चेहरा या समजुतीला उत्तर देत नाही. त्याला वाद घालण्याची सवय कधी नव्हती. त्याने दर महिन्याला टपाल कचेरीच्या रांगेत उभे राहून फॉर्म भरला आणि पुन्हा पाळीवर गेला.